काउंटए: हिशेब चोख, पण जे दिसतं त्याचा नव्हे

भरलेल्या सेल मोजायला एक्सेल आणि गूगल शीट्स, दोन्हीकडे काउंटए हेच फंक्शन आहे. काउंट फक्त आकडे आणि तारखा मोजतं. नावांच्या कॉलमला लावलं की शून्य येतं आणि चूक लगेच कळते. काउंटए मात्र पटेलसं चुकीचं उत्तर देतं, म्हणून जास्त त्रासदायक.

समजा, सोसायटीच्या मेंटेनन्स तक्त्यात ४८ फ्लॅट आहेत, सी कॉलममध्ये भरलेली रक्कम आहे आणि डी कॉलममध्ये =इफ(सी२>०,"भरले","") हा फॉर्म्युला खालपर्यंत ओढलाय. पैसे ३१ जणांनीच भरले, तरी =काउंटए(डी२:डी४९) ४८ सांगतं. फॉर्म्युल्यातून आलेला रिकामा मजकूर त्याच्या लेखी मजकूरच. काउंटब्लँक मात्र त्याच १७ सेल रिकाम्या धरतं. भरलेल्या ४८ आणि रिकाम्या १७, म्हणजे ४८ सेलच्या कॉलमची बेरीज ६५! एकाच घरातल्या दोन फंक्शनांचं 'रिकामं' कशाला म्हणायचं यावर एकमत नसावं, हा दोष मोठाच.

उपाय (फंक्शनची नावं अर्थात इंग्रजीत टाइप करायची): =सम्प्रॉडक्ट(--(लेन(ट्रिम(डी२:डी४९))>०)). ट्रिम जादा स्पेस काढतं आणि लेन उरलेली अक्षरं मोजतं, त्यामुळे यात नुसती स्पेस पडलेल्या सेलही गळतात. वेबपेजवरून चिकटवलेल्या यादीत कधी १६० या कॅरेक्टर-क्रमांकाची, साध्या स्पेससारखीच दिसणारी पण वेगळी स्पेस असते; ती ट्रिमला काढता येत नाही. आधी सब्स्टिट्यूट(डी२:डी४९,कॅर(१६०),"") करून मग ट्रिम लावा. रेंजमध्ये एक जरी एरर असली तरी अख्खा फॉर्म्युला एरर देतो. संशय आलेल्या सेलवर आधी लेन चालवून बघावं. रिकाम्या दिसणाऱ्या सेलचं उत्तर १ आलं, की चोर सापडला.

शीट्सची एक सोय आवडली: इफमध्ये शेवटच्या स्वल्पविरामानंतर काहीच लिहिलं नाही तर सेल खरोखर रिकामी राहते आणि काउंटए बरोबर मोजतं. एक्सेलमध्ये तिथे ० उमटतो. पण शीट्समध्ये टिक न केलेल्या चेकबॉक्समध्येही फॉल्स असतं, त्यामुळे तेही मोजले जातात. चेकबॉक्स ई कॉलममध्ये असतील तर तिथे काउंटिफ(ई२:ई४९,ट्रू) वापरा. काउंटए(फिल्टर(...)) करताना एकही ओळ जुळली नाही तर फिल्टर एरर देतं, आणि काउंटए ती एररही मोजून १ दाखवतं.

फिल्टर लावल्यावर दिसणाऱ्या ओळींपुरतं मोजायचं असेल तर सबटोटल(१०३,डी२:डी४९). १०३ ऐवजी ३ लिहिलं तर हाताने लपवलेल्या ओळीही धरल्या जातात. रिकाम्या मजकुराची अडचण मात्र सबटोटललाही चुकलेली नाही.