ब्यॉर्क: अल्बम राहू द्या, आधी लाइव्ह बघा

आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिच्याबद्दल कोणी विचारलं की लोकं सरळ अल्बमची यादी पाठवतात, समोरचा त्यातली दोन गाणी ऐकतो आणि ‘आवाज विचित्र आहे बुवा’ म्हणून सटकतो. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आधी तिचे लाइव्ह बघा, कारण ही बाई प्रत्येक टूरला नवा संसार मांडते, यावेळी स्टेजवर कुठली वाद्यं असणार ते आधी ठरतं आणि मग स्वतःची जुनी गाणीसुद्धा ती त्याच वाद्यांवर परत बसवते. त्यामुळे हिट गाणं रेकॉर्डवर आहे तसंच्या तसं ऐकायला मिळेल या आशेवर असाल तर पैसे वाया.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. जन्म १९६५, आइसलँडमधलं रेक्याविक. शाळकरी वयात फ्लूट शिकली, ११ व्या वर्षी पहिला अल्बम, नंतर पंक बँड, मग शुगरक्यूब्स नावाचा बँड, आणि १९९३ ला सोलो अल्बम आला त्याचं नाव ‘डेब्यू’ (११ व्या वर्षीचा बहुतेक खिजगणतीतच नाही). त्यात ‘व्हीनस ॲज अ बॉय’ नावाचं गाणं आहे, ते आपल्याकडच्या माणसाने नीट कान देऊन ऐकाच, कारण त्यातली व्हायोलिन्स तबलावादक तलवीन सिंगने मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या वादकांकडून वाजवून घेतलीत. एकदा हे कळलं की एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ती जी घसरतात ना, ती सवय कुठली ते लगेच ओळखू येतं. १९९४ च्या ‘अनप्लग्ड’मध्ये (एमटीव्हीचा लाइव्ह कार्यक्रम) तलवीन स्वतः तबल्यावर बसलाय, तेही बघून घ्या.

आता मुद्द्याचं. माझ्या मते सगळ्यात भारी रेकॉर्डिंग म्हणजे लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधलं, २००१ चं, ‘व्हेस्परटाइन’ या अल्बमच्या टूरचं. अख्खा ऑर्केस्ट्रा, झीना पार्किन्स हार्पवर, ग्रीनलँडच्या मुलींचा कोरस, आणि एका बाजूला मॅटमॉस ही इलेक्ट्रॉनिक संगीतवाली जोडगोळी. पारदर्शक ॲक्रिलिकच्या म्युझिक बॉक्सेस तर खास या गाण्यांसाठी बनवून घेतलेल्या. ‘ऑरोरा’ लागलं की मॅटमॉसकडे लक्ष ठेवा, जाड्या मिठावर पाय टाकत चालायचं, खाली माइक, आणि तो जो करकर आवाज येतो तोच गाण्याचा ठेका. ऑपेरा हाउसमध्ये कोणीतरी मिठावर चालतंय आणि ऑर्केस्ट्रा त्याच्यासोबत वाजवतोय हे ऐकायला चाळा वाटतो पण बघताना अजिबात वाटत नाही, बर्फातून कोणीतरी चालत येतंय असंच वाटतं. साउंड पण इतका स्वच्छ की तिने श्वास घेतलेला कळतो. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर बघणार असाल तर नाही बघितलं तरी चालेल.

२००४ चा ‘मेडुला’ हा अल्बम जवळजवळ सगळा नुसत्या माणसांच्या आवाजांवर उभा आहे. त्याची टूर झाली नाही, पण अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात तिने त्यातलं ‘ओशेनिया’ गायलं होतं आणि तिचा ड्रेस पसरत पसरत मैदानातल्या खेळाडूंच्या डोक्यावरून गेला होता.

आणि मग २०११ चं ‘बायोफिलिया’, अल्बम आणि त्याचा शो. इथे मी जरा जास्त बोलणार. शोची सुरुवात मँचेस्टरला झाली, नंतर एकेका शहरात मुक्काम ठोकून शो आणि सोबत मुलांसाठी संगीत-विज्ञानाच्या कार्यशाळा. स्टेज मधोमध, प्रेक्षक चारी बाजूंनी. वर पिंजऱ्यात टेस्ला कॉइल, म्हणजे विजेच्या ठिणग्या पाडणारं यंत्र, टांगलेलं, आणि ‘थंडरबोल्ट’मध्ये बेसचा जो आवाज आहे तो खरोखर त्या विजेच्या ठिणग्यांचा, वीज कडाडते आणि तोच सूर असतो! लंबकासारख्या झुलणाऱ्या हार्प्स आहेत, त्या झुलताना तार छेडली जाते. सेलेस्टाच्या (पियानोसारखं छोटं वाद्य) पोटात गॅमेलानच्या, म्हणजे इंडोनेशियन वाद्यवृंदातल्या, धातूच्या पट्ट्या बसवून केलेलं एक वाद्य आहे. ‘क्रिस्टलाइन’चं कडवं चालू असताना हातावर मात्रा मोजून बघा, १७ भरतात. तबला शिकलेल्यांना शिखर ताल आठवेल, अर्थात वजन वेगळं आहे, पण एवढी आडवी लय असून माणसं मजेत डोलतायत हे बघून मला जाम हेवा वाटला. शेवटी त्याच गाण्यात ड्रम्स असे काही सुटतात की शेजाऱ्यांची आठवण ठेवून आवाज कमी करा.

याची फिल्म ‘बायोफिलिया लाइव्ह’ २०१४ ला आली, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये शूट केलेली. सुरुवातीला निसर्गपटवाल्या डेव्हिड ॲटनबरोंचा आवाज, ते मस्तच. पण माझी एक तक्रार आहे, फिल्मवाल्यांनी गाण्यांवर पेशी, समुद्रातले जीव, ग्रह-तारे असल्या चित्रांचे थरावर थर चढवलेत. अरे, खरी वीज वाजतेय, ती दाखवा ना! वादक मानु डेलागोचे हात हँगवर (हातांनी वाजवायचं पोलादी वाद्य) कसे पडतात ते बघायचं असतं आणि समोर जेलीफिश. कोरसच्या मुली मात्र छान दिसतात, एकीकडे गाणं, एकीकडे नाच, आणि दम लागलेला कुठे ऐकू येत नाही. शेवटचं ‘डिक्लेअर इंडिपेंडन्स’ म्हणजे नुसता धिंगाणा.

‘कॉर्नुकोपिया’ हा शो २०१९ ला न्यूयॉर्कच्या द शेड या कलाकेंद्रात सुरू झाला, दिग्दर्शन अर्जेंटिनाच्या सिनेदिग्दर्शिका लुक्रेसिया मार्तेलचं. सात फ्लूटवाल्या, त्यातल्या चौघी मिळून एकच गोल फ्लूट वाजवतात, आणि आवाज घुमावा म्हणून स्टेजवरच तिच्यासाठी एक खोली बांधलेली. कल्पना म्हणून कमाल, पण पडदे आणि व्हिज्युअल्स इतके की मला कान बाजूला ठेवून डोळ्यांनीच शो संपवल्यासारखं झालं. शिवाय बरीच गाणी ‘युटोपिया’ या अल्बमची, आणि त्यांत ठेका शोधत बसाल तर कंटाळाल. ज्यांना फ्लूट आवडतं त्यांनी खुशाल बघा.

अजून एक, तिच्या शोमध्ये फोन काढून शूटिंग करू नका अशी विनंती असते. काहींना राग येतो, मला तर हा नियम सगळीकडे हवाय, पुण्यातल्या मैफिलींपासून सुरुवात करा.

क्रम माझा असा: रॉयल ऑपेरा हाउस, मग अनप्लग्ड, मग बायोफिलिया. ‘हायपरबॅलड’ हे एकच गाणं वेगवेगळ्या वर्षांच्या शोजमध्ये लागोपाठ लावून बघा, आणि त्यानंतरही तिचा आवाज खटकत असेल तर सोडून द्या, तुमचा काही दोष नाही.