घरी राहून करायची इग्नाशियन साधना: नोकरी आणि पत घसरत असताना कितपत उपयोगी?

पडत्या काळात ख्रिस्ती अध्यात्माच्या नावाने दोन तऱ्हेच्या गोष्टी समोर येतात. एक म्हणजे भरभराटीचं आश्वासन देणारी शिबिरं: देणगी द्या, विश्वास दाखवा, उत्पन्न वाढेल. दुसरी खूप जुनी, संत इग्नाशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’. १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेल्या या माणसाने आपल्या अनुभवांतून ती बांधली. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये तिला मान्यता दिली. इथे तिच्या घरगुती आवृत्तीचं परीक्षण आहे, कारण मूळ स्वरूप म्हणजे साधारण तीस दिवसांचं मौन आणि रोज एकेक तासाच्या चार-पाच प्रार्थना. काम शोधत फिरणाऱ्याला ते जमण्यासारखं नाही.

घरगुती आवृत्ती ही काही अलीकडची सवलत नव्हे. साधनेच्या मूळ ग्रंथाच्या सुरुवातीला मार्गदर्शकासाठी वीस सूचना आहेत. त्यांतली एकोणिसावी, कामाच्या व्यापातून सुटका नसलेल्यांना रोज दीड तासात साधना द्यावी, असं सांगते. आज ती बहुधा सात ते नऊ महिने चालते: रोज पाऊण ते एक तास प्रार्थना आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाशी भेट. साधनेचे चार ‘आठवडे’ हे टप्पे आहेत. सात दिवसांत संपलाच पाहिजे असा एकही नाही, आणि कॅलेंडर पाहून पुढे ढकलणारा मार्गदर्शक सरळ बदलावा.

रोजची कृती ठरलेली आहे. बायबलमधला उतारा आदल्या रात्री वाचायचा. बसण्याआधी क्षणभर उभं राहायचं, मग आज काय हवं आहे ते नेमक्या शब्दांत मागायचं. शेवटी मित्राशी बोलावं तसं प्रभूशी बोलायचं. त्यानंतरचं पाव तासाचं अवलोकन बहुतेक जण गाळतात आणि तिथेच साधना फसते. मन कुठे हललं, कुठे कोरडं राहिलं, कुठून पळावंसं वाटलं, एवढ्याच तीन-चार ओळी लिहायच्या. मार्गदर्शकाला त्या हव्या असतात. उताऱ्यावरचं आपलं प्रवचन त्याला नको असतं. कोरड्या दिवशी ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा, अशी तेरावी सूचना आहे. काटेकोर वाटते, पण कंटाळा आला म्हणून उठण्याची सवय तीच मोडते.

अडचण सुरुवातीलाच येते. पायाभूत चिंतन म्हणतं की आरोग्य की आजार, संपत्ती की गरिबी, यांपैकी कशालाही आधीच झुकतं माप देऊ नये. हप्ते थकलेल्या माणसाला हे वाचून संताप येणं स्वाभाविक आहे. अर्थ एवढाच, की निर्णयाआधी तराजू मोकळा ठेवायचा. पगार मागू नका, तक्रार करू नका, असा अर्थ काढणारे मार्गदर्शकही भेटतात. तो ग्रंथाचा दोष नाही, पण सोसावं लागतं साधकालाच.

पहिला टप्पा पापांच्या चिंतनाचा. कारखाना बंद पडून काम गेलेला माणूस इथे ‘ही माझ्या पापाची शिक्षा’ या वळणावर सहज जातो. चांगला मार्गदर्शक अशा वेळी देवाच्या दयेचे उतारे वाढवतो आणि टप्पा आखडता घेतो. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर साधना थांबवून आधी डॉक्टर गाठावा.

खरी किंमत वसूल होते ती दुसऱ्या टप्प्यातल्या ‘दोन ध्वजां’च्या (एक ख्रिस्ताचा, एक सैतानाचा) चिंतनात. सैतानाची चाल तिथे तीन पायऱ्यांत मांडली आहे: आधी संपत्ती, तिच्यातून मान, मानातून गर्व. आर्थिक घसरणीचं इतकं अचूक निदान क्वचित सापडतं. उत्पन्न कमी झालं की पैशाइतकाच, कधी त्याहून जास्त, मान बोचतो. आणि गेलेल्या मानाची भरपाई माणूस आपल्याहून खालच्याला हिणवून करतो. समाज नासतो तो इथून.

मर्यादा नसलेली वाढ हा शब्दप्रयोग शिबिरवाल्यांचा आवडता. चौथ्या शतकातले बिशप, निस्साचे ग्रेगरी यांनी तो विचार पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातून (३:१३) उभा केला होता: देव अमर्याद, म्हणून त्याच्याकडची वाटचाल कधी संपत नाही. पगाराचा आकडा त्यात कुठेच नाही. शिबिरांनी तो घुसवला, म्हणून उत्पन्न घटलं की तिथे श्रद्धाच कमी ठरते.

देणगीच्या दबावावरचा तोडगाही इग्नाशियस यांच्या ग्रंथात आहे. दान वाटण्याच्या नियमांत एक कसोटी दिली आहे: आपल्यासारख्याच स्थितीतल्या अनोळखी माणसाला किती द्यायला सांगाल? तेवढंच आपण द्यावं. घरभाडं थकलेल्या अनोळखी माणसाला कोणी सगळी बचत पेटीत टाकायला सांगणार नाही.

निर्णयांबाबतचा नियम प्रसिद्ध आहे: मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. मात्र तो ताणू नका. बँकेची मुदत मन शांत होण्याची वाट पाहत नाही. हप्त्याची फेररचना किंवा नोकरीचा अर्ज ही कामं साध्या व्यवहारबुद्धीने लगेच उरकावीत. नियम लागू होतो तो गाव सोडणं, लग्न, धर्मसेवा अशा मोठ्या निश्चयांना.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो सामाजिक बाजूसाठी. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये विकास म्हणजे प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा, असं मांडलं. पण मजुरी, भाडं, सावकार यांच्याशी गाठ पडल्यावर करायचं काय, याचं साधन या साधनेत नाही. ते दुसरीकडून आणावं लागतं. कॅनडातल्या अँटिगोनिश इथल्या विद्यापीठात १९२८ मध्ये स्थापन झालेल्या, फादर मोझेस कोडी यांच्या विस्तार विभागाने अभ्यासमंडळं चालवली. कोळी आणि शेतकरी एकमेकांच्या घरी जमून आपल्याच मालाचा हिशोब मांडत: भाव कोण ठरवतो, मधला पैसा कुठे जातो. त्यातून पतसंस्था आणि सहकारी विक्री उभी राहिली. चौथा टप्पा संपतो तो ‘प्रेम शब्दांपेक्षा कृतीत दिसावं’ या सूत्रावर. तिथे पोचलेल्या पाच-सहा जणांनी असं मंडळ सुरू केलं, तर हा कापलेला गुण भरून निघेल.

नाव नोंदवण्याआधी मार्गदर्शकाला तीन गोष्टी विचाराव्यात. त्याने स्वतः पूर्ण साधना केली आहे का? त्याच्या कामावर देखरेख करणारं कोणी आहे का? फी देता आली नाही तर काय? आणि पंधराव्या सूचनेप्रमाणे त्याने साधकाला गरिबीच्या किंवा इतर कुठल्याही व्रताकडे ढकलायचं नसतं. पहिल्याच भेटीत तो व्रताबद्दल बोलू लागला, तर दुसरा शोधावा.