सह्या केलेल्या कमिटचा इतिहास साफ करायचा की तसाच ठेवायचा?

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं स्टॉक आणि पगाराचं सॉफ्टवेअर तुमच्या टीमकडे आहे. कोडमधले बदल गिटमध्ये नोंदले जातात, अशा प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात. तो कोणी केला हे पडताळता यावं म्हणून सगळे डिजिटल सही करूनच कमिट करतात. आणि एका जुन्या कमिटमध्ये डेटाबेसचा पासवर्ड सापडतो.

इतिहास बदलून जुन्या सह्या टिकवता येतील, ही आशा सोडा. सहीत फाइलींच्या ट्रीचा (त्या वेळच्या सगळ्या फाइलींच्या रचनेचा) हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ओळख-क्रमांक, आधीच्या कमिटचा हॅश, लेखक, तारखा, संदेश असं सगळं बांधलेलं असतं. मधला एक कमिट बदलला की पुढच्या प्रत्येकाचा पेरेंट, म्हणजे आधीचा कमिट, बदलतो आणि जुनी सही लागू होत नाही. गिट २.५० पासून फास्ट-एक्स्पोर्टला (इतिहास बाहेर काढणाऱ्या कमांडला) सही जशीच्या तशी पुढे नेता येते. पण कमिट बदलला असेल तर ती पडताळणीत नापासच होणार.

फिल्टर-रेपो (इतिहास नव्याने लिहिणारं साधन) झपाट्याने काम उरकतो, पण सह्या काढून टाकतो. अख्ख्या इतिहासावर चालवला, तर पासवर्डच्या आधीच्या, ज्यांना हात लावायची गरजच नव्हती अशा कमिटच्या सह्याही जातात. म्हणून रेफ्स पर्यायाने त्याला ठरावीक टप्पाच द्या.

रीबेस करताना, म्हणजे कमिट एकेक करून नव्याने रचताना, पुन्हा सही करता येते. फक्त लेखक जुनाच राहतो, कमिटर आणि सही तुमची. पुण्याला नोकरीला गेलेल्या सहकाऱ्याच्या कोडची हमी आता तुम्ही देताय! शिवाय रीबेस-मर्जेस हा पर्याय दिला नाही तर मर्ज, म्हणजे दोन शाखा जोडणारे कमिट, सपाट होऊन इतिहास एका सरळ रेषेत येतो.

पासवर्डच असेल तर मी इतिहासाला हात लावणार नाही. तो आज बदला, विषय संपला. तसाही तो प्रत्येकाच्या क्लोनमध्ये (स्वतःच्या प्रतीत) पोचलेला असतो.

कामगारांचे आधार नंबर किंवा बँक खाती असतील तर गोष्ट वेगळी, ती पासवर्डसारखी सहज बदलता येत नाहीत. तिथे फिल्टर-रेपोच. पण नंतर शेकडो कमिटवर एकट्याने सह्या ठोकत बसू नका. शेवटच्या कमिटवर सही केलेला एक टॅग (नाव दिलेली खूण) लावा आणि काय काढलं, का काढलं ते त्यात लिहा. हॅशच्या साखळीमुळे मागचं सगळं त्याखाली येतं. फिल्टर-रेपोने बनवलेली, जुन्या-नव्या हॅशची जोडी लावणारी कमिट-मॅप फाइल ती प्रत पुसण्याआधी बाजूला काढा, आणि सफाईच्या आधीच गिट लॉग शो-सिग्नेचरसह चालवून त्याचं आउटपुट जपून ठेवा. कोणत्या कमिटवर कोणाची सही होती, हे नंतर दुसरीकडे कुठे सापडणार नाही.