नौपाड्यातील ‘मी कोण’ ध्यानवर्ग : आठ रविवारांनंतर

पावसाळा सरत आला असताना आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर एक पत्रक लागले होते. ‘आठ आठवड्यांत आपल्या खऱ्या स्वरूपाची ओळख’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले होते. खाली बारीक टंकात शुल्क ३,५०० रुपये, दर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि येताना सैल कपडे घालावेत, एवढी माहिती होती. स्वरूपाची ओळख पटायला एक जन्म पुरत नाही असे ऐकत वाढलेल्या माणसाला आठ आठवड्यांची हमी वाचून हसू येणे साहजिक होते, आणि मला ते आलेही. परंतु बँकेतून निवृत्त होऊन सात महिने झाले होते, ठाण्याच्या तलावपाळीला दोन फेऱ्या मारून झाल्यावर उरलेल्या दिवसाचे करायचे काय हा प्रश्न रोज नव्याने पडत होता आणि कोणी ‘आपण काय करता’ असे विचारले की उत्तर भूतकाळातच द्यावे लागत होते. म्हणून नाव नोंदवले. वर्ग लहान आहे, तो चालवणाऱ्या ताई सगळे एकट्याने पाहतात आणि पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत. त्यामुळे त्यांचे व वर्गाचे नाव येथे देत नाही.

जागेविषयी आधी सांगतो, कारण पहिले दोन रविवार माझे सारे लक्ष जागेनेच खाल्ले. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून दहा-बारा मिनिटे चालत गेले की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील सभागृह लागते. लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही आणि बावीस जणांसाठी पंखे चार, त्यांतला एक शोभेचा. बसण्यासाठी दिलेल्या सतरंज्या इतक्या पातळ आहेत की खालच्या फरशीचे सांधे मोजता यावेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचे आसन फार उंच नसावे आणि फार खालीही नसावे, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र असे एकावर एक अंथरलेले असावे, असे स्पष्ट सांगितले आहे. ताईंनी हा श्लोक पहिल्याच दिवशी म्हणून दाखवला आणि आम्ही सर्वांनी तो फरशीवर बसून ऐकला. तिसऱ्या रविवारपासून मी घरून जाड उशी घेऊन जाऊ लागलो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या ठेवलेल्या असतात आणि खुर्चीवर बसणाऱ्याला कोणीही कमी लेखत नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे.

वर्गाची पद्धत रमण महर्षींच्या आत्मविचारावर आधारलेली आहे. रमण महर्षींचा जन्म १८७९चा. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८९६ साली, मदुराईत असताना त्यांना अचानक मृत्यूची तीव्र भीती वाटली, तेव्हा ते आडवे झाले, देह मेला आहे असे धरून ‘मग आता मेले ते कोण’ याचा त्यांनी तिथल्या तिथे शोध घेतला आणि त्याच वर्षी तिरुवण्णामलैला जाऊन १९५० साली देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले. पुढे ते बहुधा मौनातच असत त्या काळात एका जिज्ञासूने विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी लिहून उत्तरे दिली आणि त्यांतून ही पद्धत लोकांसमोर आली. सांगायला ती सोपी आहे. मनात विचार उठला की त्याच्या मागे धावायचे नाही, त्याला हाकलायचेही नाही. ‘हा विचार कोणाला आला’ असे विचारायचे. उत्तर येते, ‘मला’. मग ‘हा मी कोण’ असे विचारून, शब्दात उत्तर न शोधता, ‘मी’ या जाणिवेवरच लक्ष आणून ठेवायचे.

आमच्यापैकी निम्म्या लोकांनी या प्रश्नाचा जप करून टाकला. जपाची सवय असलेल्या घरांतून आलेल्या माणसांकडून दुसरे काय होणार? डोळे मिटून ‘मी कोण, मी कोण’ असे श्वासाच्या लयीत पुटपुटणारी ती खोली कोपिनेश्वर मंदिराच्या सभामंडपासारखी घुमू लागली होती. हा मंत्र नव्हे, असे महर्षींनीही बजावलेले आहे. ताईंनी ही चूक सुधारण्यासाठी जवळजवळ दोन रविवार दिले आणि माझ्या मते त्यांच्या शिकवण्याचा कस तेथेच दिसला. त्या प्रत्येकाजवळ येऊन बसत आणि हलक्या आवाजात विचारत, “काका, आत्ता हे कोण म्हणतंय?” पहिल्यांदा मला या विचारण्याचा राग आला. राग कोणाला आला, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

शुल्कात एक चाळीस पानी वही मिळते आणि या सेवेतील सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. दर रविवारी बसण्याआधी ‘मी’ या शब्दापुढे जे सुचेल ते लिहायचे. पहिल्या रविवारी माझ्या यादीत एकोणीस नोंदी होत्या: निवृत्त अधिकारी, दोन मुलींचा बाबा, मधुमेही, थोडा तापट, मराठी माध्यमातला, चोख हिशेबाचा आणि असेच बरेच काही. दुसऱ्या रविवारी ताईंनी सांगितले की दहा वर्षांचे असताना जे तुम्ही नव्हता ते खोडा. सोळा नोंदी गेल्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी मांडूक्य उपनिषदाचा आधार घेतला. अवघ्या बारा मंत्रांच्या या उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप आणि त्यांपलीकडची चौथी अवस्था यांचा विचार आहे. गाढ झोपेत जे तुमच्याबरोबर नसते तेही खोडा, असे त्या म्हणाल्या. माझे नाव, माझा तापटपणा आणि ‘माझ्या आईचा मुलगा’ ही शेवटची नोंद, ही तिन्ही खोडताना हात थांबला, हे मी लपवत नाही. शेजारच्या एका काकूंनी आपल्या वहीतली आईविषयीची तशीच नोंद खोडायचे साफ नाकारले आणि ताईंनी त्यांच्यावर सक्ती केली नाही.

“ताई, आता पान कोरं आहे, उत्तर काही येत नाही,” असे मी त्या दिवशी म्हणालो. “येऊ नये. आलं तर तेही खोडा,” असे त्यांनी सांगितले.

चौथ्या रविवारी जे घडले ते मोठे नव्हते, पण त्यासाठी मी ३,५०० रुपये पुन्हा भरेन. शेजारच्या भूखंडावर पुनर्विकासाचे काम चालू आहे. आठच्या सुमारास तेथे काँक्रीट फोडण्याचे यंत्र सुरू झाले. यापूर्वीच्या तिन्ही रविवारी त्या आवाजाने माझे ध्यान मोडले होते. या वेळी आवाज आला, ऐकू आला आणि काही क्षण इतकेच होते. वैताग नव्हता आणि वैतागणाराही नव्हता. मग वैताग आला आणि त्याच्याबरोबर ‘माझे ध्यान मोडले’ हे वाक्य आले. चौतीस वर्षे खात्यांशी खेळलेल्या माणसाला हा क्रम फार विचित्र वाटला, कारण नोंद आधी झाली होती आणि खातेदार मागाहून आला होता. त्यानंतर तसे घडवून आणायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आणि अर्थातच ते घडले नाही.

येथपर्यंत सगळे चोख होते. पाचव्या रविवारपासून वर्ग सैल पडला. त्या दिवशी भिंतीवर मेंदूची रंगीत चित्रे दाखवण्यात आली. मन कशात गुंतलेले नसताना, स्वतःविषयीच्या विचारांत भटकत असताना मेंदूचे काही भाग एकत्र सक्रिय असतात; २००१ साली मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल यांनी या व्यवस्थेला ‘डिफॉल्ट मोड’ हे नाव रूढ केले आणि अनुभवी ध्यानींमध्ये तिची सक्रियता कमी आढळल्याचे २०११ साली जडसन ब्रुअर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. इथवर ठीक. त्यावरून ‘विज्ञानाने आत्मा सिद्ध केला’ हा निष्कर्ष मात्र ताईंनी स्वतः काढलेला होता. स्वतःविषयीची बडबड मंदावते आणि बडबडीपलीकडे नित्य असे काही असते, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही.

त्याहून अधिक खटकले ते असे की, बौद्ध परंपरेतील विपश्यना आणि आत्मविचार यांत काहीच फरक नाही, असे त्यांनी सहजपणे सांगून टाकले. दोन्हींमध्ये डोळे मिटून स्वस्थ बसावे लागते, एवढ्यापुरते ते खरे आहे. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान (येथे अर्थ जाणीव) या माणूस घडवणाऱ्या पाचही स्कंधांपैकी, म्हणजे घटकांपैकी, एकालाही ‘हे माझे, हा मी, हा माझा आत्मा’ असे म्हणता येत नाही, ही बुद्धांची शिकवण. तर हे नव्हे, तेही नव्हे असे नाकारत गेल्यावर नाकारता न येणारे उरते तोच आत्मा, हे वेदान्ताचे म्हणणे. खोडण्याचे काम दोघेही करतात. वहीचे पान कोरे झाल्यावर काय म्हणायचे, यावर त्यांचा शेकडो वर्षे वाद झालेला आहे. आमच्या वर्गात इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहून आलेले दोघे होते, त्यांनी ही शंका काढली, आणि ‘शब्दांत अडकू नका’ एवढ्यावर तिची बोळवण झाली. ज्या वर्गाचा सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा आहे तेथे प्रश्नाला असे उत्तर मिळावे, याचे नवल वाटले.

सहाव्या रविवारी एक तरुणी बसल्या बसल्या घाबरली, तिला श्वास पुरेना आणि ‘मी नाहीच असं वाटतंय’ असे ती सारखे म्हणू लागली. ताईंनी तिला डोळे उघडायला लावले, पाणी दिले, पाय जमिनीवर टेकवून खुर्चीत बसवले. हे त्यांनी योग्य केले. परंतु नोंदणीच्या अर्जात पत्ता आणि रक्तगट विचारला जातो आणि चिंतेचा किंवा नैराश्याचा त्रास आहे का, त्यावर औषधे चालू आहेत का, हे विचारले जात नाही. स्वत्वाचीच चिरफाड करणाऱ्या ध्यानाने काहींची अस्वस्थता वाढू शकते. असा त्रास असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच यावे आणि वर्गानेही अर्जात एक रकाना वाढवावा.

सातव्या रविवारी सर्वांकडून एकसुरात ‘मी शुद्ध साक्षी आहे’ हे वाक्य सत्तावीस वेळा म्हणवून घेण्यात आले. चार आठवडे प्रत्येक उत्तर खोडायला शिकवायचे आणि मग एक उत्तर पाठ करून घ्यायचे! माझ्या वहीत ते वाक्य मी लिहिले आणि शिकवल्याप्रमाणे खोडले. वर्ग संपताच पुढच्या टप्प्याची पत्रके वाटली गेली. येऊरला दोन दिवसांचे निवासी शिबिर, शुल्क ९,००० रुपये. इगतपुरीचे दहा दिवस केवळ शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर चालतात, जेवणाराहण्याचे पैसे आकारले जात नाहीत, हे ठाऊक असलेल्याला हा आकडा बोचतो. तरीही तुलना पूर्ण न्याय्य नाही. तेथे दहा दिवस घर, फोन आणि बोलणे सोडावे लागते. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर रविवारचे दोन तास ही सोय मोठी आहे. आणि ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहावे, असे आपले गुरू सिद्धरामेश्वर महाराज यांच्याकडून ऐकून ते आचरणात आणणारे निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचे दुकान चालवत होते, म्हणजे या साधनेला स्थानबदलाची गरज नाही, हे आपल्या भागातल्या माणसाला निराळे सांगायला नको. येऊरला जाण्याचे कारण मला त्यामुळेच सापडले नाही.

शेवटच्या रविवारी मी थांबून ताईंना पाठांतराविषयी विचारले. त्या रागावल्या नाहीत. “काका, बावीस जणांतल्या पंधरा जणांना कोरं पान घेऊन घरी जाववत नाही. रात्री फोन येतात मला. त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं,” असे त्या म्हणाल्या. मला ते पटले नाही, पण त्या तरुणीचा चेहरा आठवल्यामुळे मी वाद घातला नाही. पुढील तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. जाणाऱ्यांनी जाड उशी न्यावी, खिडकीपासून लांबची जागा धरावी आणि वही जपून ठेवावी. माझ्या वहीची तेवीस पाने अजून शिल्लक आहेत आणि सकाळी वीस मिनिटे मी ती समोर ठेवून बसतो.