कुरिअरने आलेलं बुश पेपर: लगेच कुंडीत, की आधी पिशवीतच?

गोव्यातल्या फोंडा-सत्तरीच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पोफळीवर चढलेली मिरवेल पाहत जे वाढले, त्यांना फ्लॅटच्या बाल्कनीतही मिरी हवीशी वाटते. तिथे पोफळ नाही, म्हणून बुश पेपर, म्हणजे झुडपासारखी वाढणारी मिरी, मागवायचं. हे रोप बियांपासून केलेलं नसतं. मिरवेलीच्या फळ धरणाऱ्या आडव्या फांदीचा तुकडा घेऊन त्याला मुळं फोडलेली असतात, त्यामुळे ते वर चढत नाही, झुडपासारखं राहतं आणि गुण आईवेलीचेच घेतं. केरळातून निघालेलं रोप दारात येईपर्यंत काही दिवस बंद खोक्यात, अंधारात गेलेले असतात. आता त्याला त्याच दिवशी मोठ्या कुंडीत हलवायचं, की आहे त्या पिशवीतच ठेवायचं?

माझं मत स्पष्ट आहे: पिशवीतच ठेवा, निदान दोन आठवडे. प्रवासात पानं पिवळी पडतात, एखाददुसरं गळतंही. खोक्यात साठणारा इथिलीन वायू आणि अंधार ही त्याची कारणं. अशा रोपाची मुळं आधीच दमलेली असतात. त्यात पिशवी फाडून मुळांभोवतीचा मातीचा गोळा हलवला की बारीक पांढरी मुळं तुटतात, आणि पाणी ओढण्याचं सगळं काम तीच करतात.

मोठ्या कुंडीचा दुसरा तोटा लवकर लक्षात येत नाही. मुठीएवढ्या मुळांभोवती बादलीभर माती असली की त्या मातीतलं पाणी प्यायला कुणीच नसतं. माती ओली राहते, तिच्यातली हवा संपते, आणि मिरीला मर रोग (रोप अचानक सुकून मरण्याचा) आणणारी फायटोफ्थोरा ही बुरशी अशाच पाण्यातून पसरते. पानं मलूल दिसली म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. गोव्यात नवं रोप तहानेनं क्वचित मरतं, बहुतेक वेळा पाण्यानंच मरतं.

लगेच कुंडीत हलवावं अशा वेळाही आहेत. मुळं नुसती ओल्या काथ्यात गुंडाळून आली असतील, पिशवी फुटून माती सांडली असेल किंवा गोळ्याला आंबूस वास येत असेल तर थांबू नका. तरीही कुंडी लहानच घ्या, पिशवीपेक्षा दोन-तीन बोटं रुंद. नुसती चिऱ्याची लाल माती कुंडीत दगडासारखी बसते. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर मिसळा, थोडं ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, मिळालं तर उत्तम. तळाचं भोक मोकळं आहे ना, ते आधी बघा.

उत्तर ऋतूवरही बदलतं. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पानांतून फारसं पाणी उडत नाही. रोपाला हे मानवतं, पण पागोळ्यांखाली ठेवलं की गेलंच. या दिवसांत पिशवी विटेवर किंवा जाळीवर उचलून ठेवा आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. जानेवारी-फेब्रुवारीत घाटाकडून कोरडा वारा येतो, तेव्हा उलट काळजी घ्यायची. वरून पातळ प्लास्टिकची पिशवी सैलसर घालायची आणि रोज थोडा वेळ काढून ठेवायची. पावसाळ्यात हेच केलं तर पानं कुजतील. निवड तुमच्या हातात असेल तर पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर मागवा. एप्रिल-मेच्या उन्हात खोकं तापतं, तेव्हा नकोच.

जागेचा प्रश्न सोपा आहे. एसीची खोली नको, भर दुपारचं ऊनही नको. सकाळचं कोवळं ऊन मिळणारी बाल्कनी किंवा जुन्या घराचा बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) सर्वांत चांगला. अंधारातून आलेली पानं एकदम उन्हात ठेवली तर करपतात.

खोकं उघडल्यावर दोन गोष्टी नीट पाहा. पानाच्या पाठीवर मोहरीहून बारीक, काचेसारखे थेंब दिसतील. ती किड्यांची अंडी समजून अनेकजण घाईघाईनं औषध मारतात. तसं काही नसतं, मिरीचं पान स्वतःच ते मोत्यासारखे कण तयार करतं. दुसरं म्हणजे बुंध्यापाशी पेरापेराला मुळं असलेला लांब धुमारा आहे का ते पाहा. तो चढणारा असतो. झुडूपच हवं असेल तर रोप सावरल्यावर तो कापायचा. सगळं रोपच तसं असेल तर तुम्हाला बुश पेपर मिळालेलं नाही, साधी मिरवेल मिळाली आहे.

मागवण्याआधी आणखी एक निवड करावी लागते: स्वतःच्या मुळांवरचं रोप, की कोलुब्रिनमवर बांधलेलं कलम. कोलुब्रिनम ही दक्षिण अमेरिकेतली, दलदलीत वाढणारी मिरीचीच जातबहीण. तिची मुळं मर रोगाला दाद देत नाहीत, म्हणून पावसात भिजणाऱ्या अंगणासाठी मी कलमच सुचवेन. मात्र त्या मुळांना कोरड सोसत नाही. सुट्टीत गावी जाऊन घर बंद ठेवणाऱ्यांनी पाण्याची सोय आधी करावी. कलम लावताना सांधा मातीच्या वर ठेवायचा आणि खालून फुटणारे कोंब दिसताच खुडायचे, नाहीतर कोलुब्रिनमच माजते आणि वरची मिरी सुकत जाते. बाल्कनीत, जिथे पाणी तुमच्या हातात आहे, तिथे स्वतःच्या मुळांवरचं रोप पुरेसं आहे. पन्नियूर-१ ही 1971 पासूनची जात सहज मिळते.

खत मात्र दोन्हींना उशिराच. शेंड्याला नवं पान पूर्ण उलगडून गडद हिरवं झालं, की मुळं चालू झाली असं समजा. तेव्हाच पिशवी कापून रोप कुंडीत हलवा, आणि त्यानंतर महिनाभराने शेणखताचं पातळ पाणी सुरू करा.