ब्रँडसाठी आधी इन्स्टा पेज की स्वतःची वेबसाइट?

खर्च बघाल तर इन्स्टा पेज फुकट, वेबसाइटला डोमेन-होस्टिंगचे (म्हणजे साइटचं नाव-पत्ता आणि ती ठेवायची जागा) पैसे दरवर्षी. पण मेहनत उलटी, इन्स्टावर सतत रील्स टाका, कमेंटना उत्तरं द्या, त्यात एखादं नाराज गिऱ्हाईक स्क्रीनशॉट टाकतं आणि तुम्ही सकाळी उठेपर्यंत तो सगळीकडे फिरलेला असतो. वेबसाइटला एवढं नाही लागत. आणि फॉलोअर्स आपले नसतातच हो, ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप सगळंच सहाएक तास बंद होतं, ज्यांच्या ऑर्डरी फक्त तिथूनच यायच्या त्यांनी करायचं काय? मात्र नव्या वेबसाइटवर आपणहून कोणी फिरकत नाही हेही खरंय. प्रॉडक्ट दिसायला भारी असेल, लोकांशी बोलायची तयारी असेल तर इन्स्टा. लोक आधी गुगलवर शोधून, चौकशी करून मग पैसे देतात अशी सर्व्हिस असेल तर वेबसाइटच आधी करा.