लिंक्डइन की व्हॉट्सॲप ग्रुप?

बी.कॉम. झालंय, घर डोंबिवलीला, अंधेरीपर्यंत लोकलचा धक्का खायची तयारी आहे. अशा मुलाने नोकरी शोधायला वेळ कुठे घालवावा, लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या साइटवर की नोकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर?

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. लिंक्डइनचं प्रीमियम सुरुवातीला घेऊच नका. मेहनत मात्र लिंक्डइनला जास्त. प्रोफाइलवर नावाखालची ओळ २२० अक्षरांपर्यंत असते, ती 'नोकरीच्या शोधात' लिहून वाया जाते. 'अकाउंट्स असिस्टंट, टॅली, जीएसटी रिटर्न' असं लिहा, कारण एचआरवाले याच शब्दांनी शोधतात. आधीच नोकरीत असाल तर 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधतोय हे सांगणारी खूण) फक्त रिक्रूटर्सना, म्हणजे भरती करणाऱ्यांना, दिसेल असं ठेवा. फोटोवर हिरवी पट्टी आली की ती साहेबांनाही दिसते!

ग्रुपचा वेग वेगळाच. सकाळी 'भिवंडीत गोडाऊनला बिलिंगवाला पाहिजे' असा मेसेज येतो आणि दुपारी जागा भरलेली असते. तोच मेसेज पुढे आठवडाभर फॉरवर्ड होत राहतो, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. फसवणूकही इथे सोपी, नंबरामागे कोण आहे ते कळत नाही. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग, कशाच्याही नावाने पैसे मागितले की विषय संपला. आधार-पॅनचे फोटो ग्रुपवर टाकू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

ऑफिसातली नोकरी हवी आणि दोन-तीन महिने थांबता येत असेल, तर लिंक्डइन. दुकान, गोडाऊन, डिलिव्हरीचं काम चालेल आणि येत्या एक तारखेला हजर व्हायचंय, तर ग्रुप.